खुंटी किती उंचीवर आहे?

सोसायटीच्या ग्रुपवर बालवाडीच्या ॲडमिशनचा मोसम सुरू झालाय. "एसी आहे का?" "सीसीटीव्ही मोबाईलवर दिसतो का?" "फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे उच्चार) कधीपासून?" दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारत भांडुपभर फिरले होते, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.

लेकाची पहिली शाळा एकदम चकाचक. भिंतभर कार्टून, एसी, गुळगुळीत टाइल्स. पण दप्तराच्या खुंट्या माझ्या खांद्याएवढ्या उंच, खेळणी वरच्या फळीवर ("खाली ठेवली की पसारा होतो"), बेसिन मोठ्यांचं. म्हणजे पाणी हवं, टीचरना सांग. बॉल हवा, टीचरना सांग. पंचवीस पोरं आणि एक टीचर. ओरडायच्या. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, दिवसभर ते "टीचर, टीचर" ऐकून मीही ओरडले असते. घरी तर एकावरच ओरडते. पण एक दिवस दारात कानावर पडलं, "रडलास तर मम्मी न्यायला येणार नाही." त्याच आठवड्यात त्याला काढला. फी परत मिळाली नाही, तो विषय वेगळा.

आत्ताची बालवाडी जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या, पंखे, सतरंज्या. खुंट्या माझ्या कमरेच्याही खाली, प्रत्येकीवर चित्र. आमच्या वाट्याला छत्री. पाण्याच्या पिंपाजवळ छोटे तांबे आणि हातरुमालाएवढी कापलेली फडकी.

जुलैत एकदा लवकर पोचले. रेनकोट ओळीनं टपटपत होते. लेकानं तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, निम्मं जमिनीवर. लगेच बाईंकडे बघितलं, ते जुन्या शाळेतलं घाबरं बघणं. बाईंनी नुसतं फडक्याकडे बोट केलं. त्यानं पुसलं (खरं तर पसरवलं) आणि परत ओतलं. या वेळी कमी सांडलं. किती ओतायचं, कुठे थांबायचं, हे त्याला त्या एका पेल्यात कळलं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ आणि कृतीवरच उभा आहे, फोनिक्सवाल्यांनी वाचायला हरकत नाही.

आणि बाई होत्या कुठे? सतरंजीवर मांडी घालून, नव्या आलेल्या रडक्या मुलीला कुशीत घेऊन. घाई नाही, "गप्प बस" नाही. कारण पाण्यासाठी कुणालाच त्यांची गरज नव्हती. बाईंच्या मायेचा आणि खुंटीच्या उंचीचा संबंध माझ्या डोक्यात तेव्हा शिरला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुंबईत अंगण कुठून आणणार म्हणा. पण खुंटी चार वीत खाली ठोकायला अंगण लागत नाही.

आमच्या घरीही परवा नवऱ्यानं दाराजवळ एक खाली ठोकली. सासूबाई म्हणाल्या, "कुणाची तरी ओढणी अडकणार तिथे." अडकते. रोज. माझीच.