लिव्हर रायफल घेताना ताकद नव्हे, काडतुसाचा आतला मार्ग बघा

काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धर्तीच्या बंदुकांनी पोलादी पाट्यांवर वेगात नेम धरण्याचा खेळ. त्यात लागते लिव्हर रायफल, म्हणजे चापाखालची दांडी (लिव्हर) ओढून पुढचं काडतूस भरायची रायफल. या खेळाकडे वळणाऱ्या नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो: ‘विंचेस्टरचं १८९२चं मॉडेल घे, तेही .४५ कोल्ट या काडतुसाचं. १८७३ नाजूक असते. आणि खरे काउबॉय रायफल व रिव्हॉल्व्हर दोन्हींत .४५ कोल्टच वापरायचे.’ अमेरिकेत स्थायिक झालेले माझे दोन मित्र यावर विसंबून पैसे घालून बसले, आणि पहिल्या तीन-चार सामन्यांतच वैतागले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ताकदीचं. १८९२ जास्त मजबूत आहे, यात वाद नाही. जॉन ब्राउनिंगने तिच्यात बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, अडवायला दोन उभे पोलादी अडसर दिले. १८७३मध्ये हेच काम गुडघ्यासारखी दुमडणारी सांधेजोड करते, आणि तिला जास्त दाब सोसत नाही. पण या खेळात तेवढा दाब येतोच कुठे? सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या, म्हणजे ‘सास’च्या नियमांनुसार मुख्य सामन्यात रायफलला रिव्हॉल्व्हरच्या जातीचंच काडतूस चालतं, गोळी शिशाचीच लागते आणि तिचा वेग सेकंदाला १४०० फुटांच्या आत असावा लागतो. बहुतेक जण तर याहून कितीतरी हलकी काडतुसं भरतात, कारण पोलादी पाट्या समोरच, काही पावलांवर उभ्या असतात. अस्वलाच्या शिकारीला लागणारी मजबुती इथे वापरलीच जात नाही.

इथे लागतो तो वेग आणि न अडखळणारी चाल. रायफलच्या साधारण १० गोळ्या असतात आणि अव्वल नेमबाज त्या तीन-चार सेकंदांत संपवतात. एक पाटी चुकली की ५ सेकंद दंड. अशा वेळी लिव्हर ओढल्यावर आत काय घडतं, ते महत्त्वाचं.

१८७३ची बाजूची पट्टी एकदा काढून बघा. आत पितळेचा एक ठोकळा दिसेल, त्याला कॅरियर म्हणतात. नळीखालच्या मॅगझिनमधून काडतूस या ठोकळ्यात आडवं शिरतं, ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर येतो आणि बोल्ट त्या काडतुसाला नाकासमोर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलतो. काडतूस कुठेच तिरकं होत नाही. १८९२मध्ये ते नाक वर करून तिरकं चढतं. सावकाश चालवलं तर उत्तम, पण घाईत हात जरा वेडावाकडा पडला की तिथेच अडकण्याची शक्यता. १८६६च्या ‘यलो बॉय’ची रचनाही १८७३सारखीच. म्हणून सामन्यांत वरच्या क्रमांकांवर इटलीत बनलेल्या या दोन प्रतिकृती इतक्या दिसतात.

दुसरा दावा इतिहासाचा, आणि तो साफ चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .४५ कोल्टची लिव्हर रायफल विकलीच नाही. १८७३ आली ती .४४-४०मध्ये, पुढे .३८-४० आणि .३२-२०मध्ये. जुन्या .४५ कोल्टच्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, बुडाची कड अगदी अरुंद होती. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी दांडीने ढकलून काढतात, तिथे ते चालून जायचं. रायफलमध्ये पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला मात्र धरायला कड लागते. दोन्हींत एकच काडतूस हवं असणाऱ्यांसाठी उलट कोल्टनेच आपलं रिव्हॉल्व्हर .४४-४०मध्ये काढलं, ‘फ्रंटिअर सिक्स-शूटर’ नावाने. .४५च्या लिव्हर रायफली ही प्रतिकृतींच्या जमान्यातली गोष्ट.

इतिहास बाजूला ठेवला तरी .४५चा त्रास उरतोच. तिची पुंगळी सरळ आणि जाड. हलक्या काडतुसात दाब कमी, त्यामुळे पुंगळी फुगून चेंबरला घट्ट बसत नाही आणि काजळी मागे, थेट यंत्रणेत येते. .४४-४०ची मान पातळ असते, ती लगेच फुगून वाट बंद करते. जुनी काळी बंदुकीची दारू वापरायची असेल तर माझं मत .४४-४०लाच. नाहीतर .३५७ची रायफल घ्या आणि तिच्यात .३८ स्पेशल भरा: धक्का कमी, शिसं कमी, खर्चही कमी.

लांब नळीने नेम सुधारतो, हेही सांगतात. इतक्या जवळच्या पाटीवर तो फरक दिसत नाही. तोंडाकडचं वजन मात्र प्रत्येक पाटीवरून वळताना जाणवतं.

‘शॉर्ट स्ट्रोक’ म्हणजे फसवणूक, असंही म्हणतात. लिव्हरचा प्रवास कमी करणारे हे भाग नियमांत बसतात. मात्र हलकं करण्याच्या नादात लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप दाबू न देणारी खिटी काढून टाकू नका. अर्धवट मिटलेल्या बोल्टवर काडतूस फुटलं तर ती सांधेजोड तुम्हाला वाचवणार नाही.

१८७३चे दोष लपवत नाही. ती महाग आहे, १८९२च्या प्रतिकृती बऱ्याच स्वस्तात मिळतात आणि हौसेपुरतं खेळणाऱ्याला त्या पुरतातही. शिवाय १८७३ला काडतुसाच्या लांबीचं फार वावडं. काडतूस आखूड असलं तर त्यामागच्या काडतुसाची कड मॅगझिनमधून कॅरियरमध्ये घुसते आणि ठोकळा वर येत नाही. लांब असलं तर त्याचं नाक मॅगझिनमध्येच राहतं, ठोकळा तरीही अडतो. माझ्या एका मित्राची ‘बिघडलेली’ रायफल एवढ्यानेच सुरळीत झाली: गोळी पुंगळीत किंचित कमी खोल बसवली आणि व्हर्निअरने दहाच्या दहा काडतुसांची लांबी मोजून घेतली.