वाघोलीचा निळा दगड आणि पुन्हा पुन्हा फिरणारा एक निरोप

गडद निळ्या स्फटिकांचा एक गोळा, खाली पांढरट खड्यांची बैठक. या फोटोसोबत एक निरोप सध्या पुन्हा फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘पुण्याजवळच्या वाघोलीत मिळणारा कॅव्हन्साइट जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. लाखो वर्षांपूर्वी पडलेल्या उल्केतून तो आला. हाच खरा नीलम, हिऱ्याहून महाग. त्यात व्हॅनेडियम असल्यामुळे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यायल्यास मधुमेह जातो. आणि व्हॅनेडियमचा एवढा मोठा साठा आपल्या डोळ्यांदेखत परदेशी लोक उचलून नेत आहेत.’

माझ्या आत्याला हा निरोप तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. तिने फोन केला आणि विचारलं, “तू दगडांचं शिकलास ना रे, मग मला असा एक आणून देशील का?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहितो. निरोपातला क्रम मोडून पाण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी कुणाच्या तब्येतीला धोका नाही.

या दाव्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. व्हॅनेडियम हा एक धातू. त्याच्या काही क्षारांचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो, हे वैद्यकाला जुनं माहीत आहे. इन्शुलिनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८९९ मध्ये, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी रुग्णांना व्हॅनेडियमचा क्षार देऊन पाहिला होता. पुढे १९९० च्या दशकात व्हॅनेडिल सल्फेट या व्हॅनेडियमच्या क्षाराच्या छोट्या चाचण्या झाल्या. काहींची साखर थोडी उतरली, पण मळमळ, पोटात कळा, जुलाब हेही त्यासोबत आलं. आजपर्यंत मधुमेहासाठी व्हॅनेडियमचं एकही औषध मान्य झालेलं नाही.

शिवाय त्या चाचण्यांत वापरलेला क्षार पाण्यात सहज विरघळणारा होता. कॅव्हन्साइटमधलं व्हॅनेडियम तसं मोकळं नसतं. त्याच्या रचनेत सिलिका-चौकड्यांचे, म्हणजे एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा घटकांचे, थर असतात आणि दोन थरांना जोडणाऱ्या दुव्यात व्हॅनेडियमचा अणू ऑक्सिजनने चहूबाजूंनी जखडलेला असतो. हा दगड साध्या पाण्यात रातोरात विरघळणारा असता, तर खडकात झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने तो केव्हाच धुऊन नेला असता आणि वाघोलीच्या पोकळ्या आपल्याला रिकाम्या मिळाल्या असत्या.

तेव्हा दोनच शक्यता उरतात. पाण्यात काही उतरत नसेल, तर ते पाणी म्हणजे नुसतं पाणी. काही उतरत असेलच, तर किती उतरलं हे पेल्याकडे बघून सांगता येत नाही, आणि न मोजलेलं व्हॅनेडियम रोज पोटात घालणं हा उपचार नव्हे. त्यात बाजारातला नमुना साफ करताना आम्ल वापरलेलं असू शकतं, निखळलेला गोळा गोंदाने बसवलेला असू शकतो. हे सगळं त्या पेल्यात उतरणार. आत्याला मी एकच गोष्ट निक्षून सांगितली: डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत.

(याच्या उलट टोकाची भीतीही अधूनमधून ऐकू येते, की व्हॅनेडियम म्हणजे किरणोत्सर्ग. ती बहुधा कार्नोटाइटमुळे आली असावी. त्या पिवळ्या खनिजात व्हॅनेडियमसोबत युरेनियम असतं. कॅव्हन्साइटमध्ये युरेनियम नाही. तो शोकेसमध्ये खुशाल ठेवावा.)

आता ‘जगात फक्त वाघोलीत’. हे चूक आहे. या खनिजाची पहिली ओळख पटली ती अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात. तिथल्या ओवायही धरणाजवळ आणि गोबल या गावाजवळ ते सापडलं, आणि १९७३ मध्ये स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नावही त्यांनी घटकांवरूनच बांधलं: कॅल्शियममधला ‘कॅ’, व्हॅनेडियममधला ‘व्हॅन’, सिलिकॉनमधला ‘सि’. त्याच लेखात त्यांनी त्याचं जुळं भावंडही जाहीर केलं, पेंटागोनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी मात्र वेगळी. कॅव्हन्साइटच्या थरांत चौकड्यांची चार-चार आणि आठ-आठची कडी असतात, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहाची. पेंटागोनाइटचे स्फटिक पाच-पाचच्या जुळणीत वाढून पंचकोनी चांदणीसारखे दिसतात, त्यावरून त्याला ते नाव पडलं.

मग वाघोलीचं महत्त्व काय? पुष्कळ आहे, आणि ते खोटं न बोलताही सांगता येतं. ओरेगनमधले स्फटिक बारीक आणि मोजके. वाघोलीच्या दगडखाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो कॅव्हन्साइट निघू लागला, तो आकाराने, रंगाने आणि संख्येने तिथल्यापेक्षा कितीतरी सरस होता. पेंटागोनाइटही तिथे मिळाला. आज जगातल्या संग्रहालयांत मांडलेला देखणा कॅव्हन्साइट पाहिला, तर तो जवळजवळ नेहमी पुणे जिल्ह्यातलाच असतो. ‘जगात फक्त इथेच’ म्हणण्याऐवजी ‘जगात सर्वांत चांगला इथे’ म्हणा. ते खरं आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

उल्केच्या दाव्यावर जरा जास्त थांबतो, कारण त्याचं खरं उत्तर मूळ दाव्याहून जास्त थक्क करणारं आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. जवळपास त्याच काळात मेक्सिकोच्या युकातान भागात प्रचंड लघुग्रह आदळला. शिवाय आपल्याकडे लोणारचं विवर खरोखरच आघाताने झालेलं. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन ‘उल्केतला निळा दगड’ जन्माला आला असावा. पण लोणार वाघोलीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि तिथे आघाताने जे घडलं त्याच्या खुणा वेगळ्याच आहेत: धक्क्याने खनिजांची काच झालेली, खडक वितळून गोठलेला. अशी एकही खूण कॅव्हन्साइटच्या नशिबी आलेली नाही. तो सापडतो तो खडकाच्या आत, बंद पोकळ्यांत आणि भेगांत, स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या पापुद्र्यांवर अलगद बसलेला. सोबतीला ह्यूलँडाइट, कॅल्साइट, कधी ॲपोफिलाइट. सुईसारखे नाजूक स्फटिक एका केंद्रातून चहूकडे वाढून त्यांचा गोळा झालेला असतो. आदळण्याच्या धक्क्यात ही रचना टिकणं शक्य नाही. ती वाढायला शांतता लागते.

आणि पाणी लागतं. लाव्हा थंड झाल्यावर त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, काही ठिकाणी थरांच्या मध्ये तुकड्या-तुकड्यांचा, राखेचा सच्छिद्र खडक राहिला. पुढे दीर्घकाळ त्यातून कोमट-गरम पाणी फिरत राहिलं. त्या पाण्याने खडकातले घटक थोडे थोडे विरघळवले आणि पोकळ्यांत नेऊन पुन्हा जमवले. आपल्या घाटांतल्या, विहिरींतल्या, खाणींतल्या झिओलाइटच्या गारगोट्या अशाच जन्मल्या. कॅव्हन्साइट त्याच कुटुंबाच्या शेजारचा. तो झिओलाइट नाही, पण त्याच्याही रचनेत पोकळ वाटा आहेत आणि त्यात पाणी धरलेलं आहे. वजनाच्या सुमारे १६ टक्के नुसतं पाणी! तापवला तर टप्प्याटप्प्याने ते निघून जातं.

व्हॅनेडियमही आकाशातून आणावं लागत नाही. बेसॉल्टमध्ये ते असतंच, दहा लाख भागांत काही शे भाग, मुख्यतः मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांत विखुरलेलं. मग प्रत्येक खाणीत कॅव्हन्साइट का नाही? माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग इथे आहे. व्हॅनेडियमच्या वेगवेगळ्या संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडलं जाण्याच्या क्षमता, असतात. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तर ते तीन संयुजेचं राहतं आणि खडकातून फारसं हलतच नाही. ऑक्सिजन जास्त झाला तर पाच संयुजेचं होऊन पाण्याबरोबर निघून जातं. कॅव्हन्साइटला हवं असतं नेमकं मधलं, चार संयुजेचं. त्या अरुंद फटीत, त्याच वेळी, त्याच पोकळीत कॅल्शियम आणि सिलिका पुरेशी असावी लागते. घटक सगळे ओळखीचे. त्यांची अशी गाठ पडणं मात्र विरळ. त्याचा निळा रंगही याच चार संयुजेच्या व्हॅनेडियमचा. वर चढवलेला रंग नव्हे, रचनेचाच भाग. म्हणूनच तो वर्षानुवर्षं फिका पडत नाही.

‘खरा नीलम, हिऱ्याहून महाग’ याला फार वेळ द्यायची गरज नाही. नीलम म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीणता दहाच्या मापावर ९. त्याचा निळा रंग लोह आणि टायटॅनियममुळे. कॅव्हन्साइट सिलिकेट, कठीणता ३ ते ४. चाकूच्या टोकाने ओरखडा उठतो, गोळा हातातून पडला तर सुया झडतात. अंगठीत बसवला तर काही दिवसांत त्याचा भुगा होईल. संग्राहक त्याला चांगले पैसे देतात हे खरं, पण ते अखंड नमुन्याला, गोळ्याच्या आकाराला आणि खालच्या स्टिल्बाइटला. कॅरटच्या हिशेबाने त्याची हिऱ्याशी तुलना करणं म्हणजे मोराच्या पिसाचा भाव सोन्याच्या काट्यावर लावणं.

या महागाईच्या गप्पांनीच फसवणुकीला वाव मिळतो. सुटे निळे गोळे स्वस्त स्टिल्बाइटवर चिकटवून विकले जातात. विकत घेणारच असाल तर भिंगातून गोळ्याचा तळ बघा. खरा गोळा खालच्या स्फटिकांत रुजलेला दिसतो. चिकटवलेल्याच्या कडेला गोंदाची चकचकीत रेघ किंवा बारीक बुडबुडे दिसतात. बरेच गोंद अतिनील दिव्याखाली चमकतात, तीही एक सोपी परीक्षा.

राहिला साठ्याचा प्रश्न. शुद्ध कॅव्हन्साइटमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के व्हॅनेडियम असतं. आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून हिशेबच करू. एक सेंटिमीटर व्यासाचा अगदी भरीव गोळा धरला, घनता २.३ धरली, तर वजन साधारण १.२ ग्रॅम आणि त्यात व्हॅनेडियम ०.१४ ग्रॅमच्या आसपास. एक टन व्हॅनेडियमसाठी असे सत्तर लाखांहून जास्त गोळे लागतील. जग दरवर्षी सुमारे एक लाख टन व्हॅनेडियम काढतं, मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमधून आणि पोलाद बनवताना उरलेल्या मळीतून, आणि बहुतांश पोलादालाच बळकटी देण्यासाठी वापरतं. त्यात चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका आघाडीवर आहेत. वाघोलीचे गोळे या गणितात कुठेच बसत नाहीत. ते धातुक नाहीत, आणि त्यांना धातुक समजून वितळवणं हा गुन्हा ठरावा असं मला वाटतं.

परदेशात नमुने गेले, हे खरं. पण ते कुणी रात्रीत उचलून नेले नाहीत. खाणी होत्या खडीसाठी. सुरुंगाने फोडलेल्या दगडात कामगारांना निळं काही दिसलं, ते त्यांनी बाजूला काढलं, व्यापाऱ्यांनी घेतलं, संग्राहकांनी विकत घेतलं. ज्यांनी धुळीत उभं राहून, हात जपून हे गोळे अखंड बाहेर काढले, त्या कामगारांचं नाव एकाही निरोपात नसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्याकडे नमुने उरलेच नाहीत असंही नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्राच्या बेसॉल्टमधली ही दौलत बघायला मिळते. मुलांना घेऊन जा.

दरम्यान वाघोली बदलली. २०२१ मध्ये ती पुणे महापालिकेत आली, आणि जिथे खाणी होत्या त्या परिसरात आता इमारती चढत आहेत. म्हणून ज्यांच्या घरात जुना निळा तुकडा पडून असेल त्यांना एक विनंती. तो पाण्यात घालू नका, ब्रशने घासू नका. डबीत कापसावर ठेवा आणि सोबत चिठ्ठी टाका: कुठल्या खाणीतला, कुणी दिला, कोणत्या साली. ठिकाण माहीत नसलेल्या दगडावरून अभ्यासकाला त्या खाणीबद्दल काहीच सांगता येत नाही.

आत्यासाठी मी माझ्या संग्रहातला एक छोटा तुकडा काढून ठेवला होता, तो मागच्या रविवारी दिला. डबीत चिठ्ठी आहे: ‘कॅव्हन्साइट, स्टिल्बाइटवर, वाघोली.’ तिने तो खिडकीपाशी ठेवला आहे, पाण्याच्या तांब्यापासून लांब.