पॉलिप परत आले म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं असं नाही

दादा, नाकातल्या पॉलिपवरच्या, म्हणजे आतल्या सुजेने नाकात वाढणाऱ्या मऊ मांसावरच्या, माझ्या मागच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी ऑपरेशनचीच बाजू घेतली, तुमच्या काकांचं दोनदा ऑपरेशन होऊनही नाकात मांस वाढलंच, त्यापेक्षा ते डुपिलुमॅबचं नवीन इंजेक्शन घेऊन एकदाचं मोकळं व्हावं, आणि अमेरिकेतले आकडे देवगडात काय कामाचे.

आधी माझी चूक. त्या पोस्टमध्ये ऑपरेशनच्या खर्चात मी नुसतं हॉस्पिटलचं बिल धरलं होतं. आमच्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी फोंडा घाट चढून कोल्हापूरला पाच फेऱ्या झाल्या, गाडीभाडं, सोबत भाऊ, आणि ते सगळं ऐन आंबाकाढणीत, बागेत गडी लावावे लागले ते वेगळंच. हा खर्च धरायलाच हवा होता.

पण इंजेक्शन घेऊन एकदाचं मोकळं होता येत नाही. डुपिलुमॅब दर दोन आठवड्यांनी घ्यायचं, म्हणजे वर्षाला २६, आणि बंद केलं की फायदा ओसरायला लागतो, हे २०१९च्या चाचण्यांतच दिसलंय. शिवाय ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती तास टिकते ते तुम्हाला मी काय सांगू. २०२१मध्ये अमेरिकेत दोन्हींचा ३६ वर्षांचा हिशोब मांडला, तर ऑपरेशनच्या वाटेने साधारण ५० हजार डॉलर आणि इंजेक्शनच्या वाटेने ५ लाख ३६ हजार, आणि तब्येत किती बरी राहिली ते धरून वर्षं मोजली तरी ऑपरेशनचीच थोडी जास्त भरली. आपल्याकडे दोन्हींचे दर वेगळे, मान्य, पण दहापटीचा फरक नुसत्या दराने येत नाही, जन्मभर घेत राहावं लागतं म्हणून येतो, आणि ते देवगडातही तसंच.

आता परत येण्याचं. बेल्जियममध्ये ऑपरेशन झालेल्या ३८ जणांना १२ वर्षांनी तपासलं तेव्हा ३० जणांना पॉलिप परत आलेले होते, पण पुन्हा ऑपरेशन लागलं ते १४ जणांना. या दोन आकड्यांतला फरकच मला महत्त्वाचा वाटतो. पॉलिप कापून काढले तरी आतली सूज जात नाही, ती रोजच्या स्टिरॉइड स्प्रेने आणि मिठाच्या पाण्याने दाबून ठेवावी लागते. ऑपरेशनने वाट मोकळी होते म्हणून स्प्रे आत पोचतो, पण तो मारला तर ना!

बाबांनी चार महिन्यांत स्प्रे सोडला, नाक मोकळं झालं आता कशाला म्हणून. दोन वर्षांनी एका दुपारी माजघरात बरका फणस फोडला, वास पार खळ्यापर्यंत आणि बाबा शेजारी बसून विचारतायत, पिकलाय का गो? तेव्हा कळलं परत वाढलंय. आता रोज स्प्रे मारतात, मान खाली घालून, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. नाक धुवायचं मिठाचं पाणी उकळून गार केलेलंच, विहिरीचं तसंच कधीच नाही.

आणि जुनी चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडच्या गोळ्या आणणारे आपल्याकडे खूप आहेत, नाक चार दिवसांत उघडतं आणि खर्च काहीच नाही असं वाटतं. पण पुन्हा पुन्हा घेतल्या की साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि तो खर्च मग दुसऱ्याच डॉक्टरकडे होतो. बाबांना डायबेटिस आहे म्हणून हे मला फार लागतं.

तुमच्या काकांबद्दल मात्र तुमचं बरोबर असू शकतं. दोन ऑपरेशनं होऊनही वाढतंय, त्यात दमा असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या दुखण्याच्या गोळीने धाप लागत असेल, तर अशाच पेशंटसाठी ही इंजेक्शनं आहेत. मग ती महाग असली तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. त्यांना दमा आहे का, आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर स्प्रे किती दिवस मारला, एवढं त्यांना विचारून कळवा.