धुराडं वर हवं की बाजूला?

टिपर, म्हणजे बॉडी उचलून माल ओतणारा ट्रक, घेणारी नवी पोरं हल्ली आधी मोबाइल पुढे करतात. त्यात अमेरिकेतला एखादा लांब नाकाचा पीटरबिल्ट ट्रक असतो, केबिनमागे दोन्ही बाजूंना क्रोमची उभी धुराडी. "दादा, असलंच बसवून द्या ना!" मी वडाळ्यात ट्रकच्या बॉड्या बांधतो, त्यामुळे हे आठवड्यात एकदा तरी ऐकतोच. क्रोमबद्दल माझं फारसं मत नाही. पण उभ्या सायलेन्सरला मुंबईत खरोखर कारण आहे, आणि ते या पोरांपैकी एकही विचारत नाही.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सांगतात की गाडीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही. बरोबरच आहे, डावीकडे फुटपाथ. मग राहिली मागची आणि उजवी बाजू. आता गोवंडीच्या सिग्नलला उभं राहून बघा, डंपरच्या उजवीकडे कोण असतं ते. डंपर आणि डिव्हायडर यांच्यामधल्या फटीत घुसलेला दुचाकीवाला, मागे बायको, मधे दप्तर घेतलेलं पोरगं. पाईपचं तोंड बरोबर त्यांच्या पायाशी. सिग्नल सुटला की ड्रायव्हर पाय दाबतो आणि सगळा गरम झोत त्या पोराच्या पोटरीवर. हाच धूर केबिनच्या वरून सुटला तर निदान कुणाच्या अंगावर थेट येत नाही. साइटवरही तेच. बाजूचा झोत जमिनीवरची धूळ उडवतो आणि ती खातो गाडी मागे घ्यायला शिट्टी मारणारा माणूस. युरोपात खाणीच्या आणि बांधकामाच्या टिपरला कंपनीच उभा पाईप देते, तो फोटो काढण्यासाठी नसतो.

पण अमेरिकन ट्रक बघून इथे पाईप लावता येत नाही. त्यांचं इंजिन पुढच्या नाकात, ट्रेलर मागे, मधे मोकळी जागा. आपलं नाक चपटं, इंजिन केबिनखाली, आणि केबिनच्या पाठीला लागूनच बॉडी. त्या बोटभर फटीत इंजिनला हवा देणारा उभा पाईप आधीच असतो. धुराड्याचं तोंड त्याच्याजवळ आलं की इंजिन स्वतःचाच गरम धूर ओढतं. मग पिकअप पडतो, फिल्टर लवकर चोंदतो आणि मालक डिझेलला शिव्या देतो. शिवाय केबिन पुढे टिल्ट होते, म्हणून पाईप केबिनला बांधायचाच नाही, चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला बांधायचा. इंजिन हलतं, चॅसी पिळते, लोखंड तापून वाढतं, त्यामुळे मधे बेलो, म्हणजे वळ्यांची लवचिक नळी, हवीच. दोन्ही टोकं घट्ट वेल्ड केली की ब्रॅकेट तडकणार, कुणीही वेल्डिंग केलं तरी. बाहेरून जाळी हवी, कारण क्लीनर वर चढताना नेमका तिथेच हात टाकतो. आणि ताडपत्रीची दोरी त्या बाजूने न्यायची नाही.

पावसाचं वेगळं. वर उघडं तोंड म्हणजे पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी. झाकण लावतात, पण आपल्या खाऱ्या हवेत त्याची बिजागरी गंजते. त्यापेक्षा तोंड मागे वळवून तिरकं कापलेलं बरं. दर पावसाळ्यात कुणीतरी हेही सांगतं की धुराडं उंच असलं की 26 जुलैसारख्या पाण्यातूनही गाडी निघते. त्या दिवशी, 2005 साली, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा पाण्यात इंजिन मरतं ते हवेच्या पाईपातून पाणी आत गेल्यामुळे. पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हवेचा पाईप खाली असेल तर वरचं धुराडं काय करणार?

आणि हे सगळ्या गाड्यांना नाहीच. माहुलहून निघणाऱ्या पेट्रोलच्या टँकरचा सायलेन्सर पुढे, टाकीपासून लांब असतो, ठिणगी अडवणाऱ्या जाळीसकट. तिथे कुणी डोकं चालवू नये. उलट खाणीतल्या अवाढव्य डंपरमध्ये काही ठिकाणी धूर बॉडीच्या पोकळ तळातूनच फिरवतात, म्हणजे तळ तापतो आणि ओला माल चिकटत नाही. मेट्रोच्या खड्ड्यातली काळी चिकण माती फावड्याने खरवडणारे क्लीनर बघितले की मला हे हमखास आठवतं.

आता मुख्य अडचण. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले. आता सायलेन्सर म्हणजे नुसता डबा राहिला नाही. आत काजळी धरणारा डीपीएफ आहे, युरियाची फवारणी आहे, जागोजागी सेन्सर आहेत. रिजनरेशनमध्ये काजळी जळते तेव्हा आत 600 अंशांच्या आसपास तापमान जातं. त्यात कापाकापी केली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद सोडते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा मूळ रचनेतला बदल चालतही नाही. "दादा, डीपीएफच काढून टाका, आवाज पण मस्त येईल," असं म्हणणारे आहेत. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. तो आवाज रात्री दोनला तुमच्याच चाळीखालून जाणार आहे.

म्हणून उभा पाईप हवा असेल तर चॅसी बुक करतानाच कंपनीकडे मागा. चार मालकांनी मागितला तर पाचव्याला सेल्समन स्वतःहून सांगेल. धूर कुठून निघतो त्यावर बॉडीचं पुढचं माप ठरतं, तेव्हा बुकिंगआधी एकदा येऊन जा. गाडी घेतल्यावर आलात तर मी फक्त जाळी लावून देईन.