ऑफिस नंबर ३०४ मध्ये संसार

बेळगावात जागा घ्यायची तर खडेबाजारात, खाली गाळे असलेल्या कॉम्प्लेक्समध्येच घ्या. भाजी, औषधं, भेळ, सगळं पायाखाली. बिल्डर 'फ्लॅट' म्हणाला की तो फ्लॅटच. महापालिकेच्या मंजूर नकाशात त्याच चौकोनावर 'ऑफिस' लिहिलंय का, हे बघत बसणं संशयी माणसाचं लक्षण.

कुणी फाटे फोडलेच, तर बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, मास्टर प्लॅनचा रंगीत नकाशा पुढे करा. पिवळा राहण्याचा, निळा व्यापाराचा. 'या झोनमध्ये राहायला चालतं' हे जरा ठासून सांगा. झोन सांगतो काय मंजूर होऊ शकतं, आणि नकाशा सांगतो काय मंजूर झालं. हा फरक खरेदीखताच्या दिवशी कुणी काढत नाही. ओसी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, मागायला गेलात की काढतात.

आता न्हाणी. घरासाठी बांधलेल्या इमारतीत न्हाणी-संडासाखालचा स्लॅब फूटभर खाली सोडतात. ऑफिसचा स्लॅब सपाट. त्यामुळे तुम्ही फरशीच नऊ इंच उचला, आत चार इंची पाइप ढाळ देऊन टाका, वर विटांचे तुकडे भरा. हे वजन स्लॅबच्या हिशेबात धरलेलं नाही, पण स्लॅब काही लगेच बोलत नाही. वॉटरप्रूफिंगचे पैसे वाचवा. सहा-आठ महिन्यांत पाणी ट्रॅपच्या सांध्यातून खाली उतरेल, नेमकं साड्यांच्या रॅकवर. दुकानदार काका ओली शहापुरी साडी घेऊनच वर येतील. त्यांना बसवून चहा द्या.

स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडते, बरंच आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेला स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि खिडकी मोकळ्या हवेत लागते. शेजारच्या टॅक्सवाल्याला मात्र तुमच्या फोडणीवरून जेवायची वेळ कळते.

मीटर कमर्शियल असेल. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेतली २०० युनिटांपर्यंतची फुकट वीज फक्त घरगुती मीटरला, म्हणून वीज कंपनीकडे, हेस्कॉमकडे, मीटर बदलायचा अर्ज द्या. तिथे ओसी मागतील. ती असलीच, तर तीवर ऑफिस. नसेल तर १७ डिसेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवतील: पूर्णत्वाचा किंवा वापराचा दाखला नसेल तर कनेक्शन नाही. खचू नका. घरपट्टीच्या स्वयंमूल्यांकनात 'निवासी' लिहा, तेही एप्रिलमध्ये; चुकीच्या माहितीवरही ५ टक्के सूट मिळते. वीजबिलात व्यापारी, घरपट्टीत संसारी.

लिफ्ट बंद पडली की अपार्टमेंट मालकांची संघटना काढावीशी वाटेल. १९७२ चा कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा मुख्यतः राहण्यासाठीच्या इमारतींना लागू होतो. तुमच्याकडे गाळे बावीस, चुली सहा.

उरतं अक्रम-सक्रम, म्हणजे बेकायदा बांधकाम दंड भरून नियमित करायची कर्नाटकची योजना. तिथे राहण्याच्या इमारतीला ५० टक्क्यांपर्यंतचं उल्लंघन माफ, बाकीच्यांना २५. आपण नक्की कोण, ते सवडीने ठरवा. जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिलीय.

एक किरकोळ गोष्ट राहिली. बाजार उठला की वॉचमन जिन्याच्या तोंडाचं शटर ओढतो आणि यल्लम्माच्या जत्रेला जाताना चावी सोबत नेतो. दुसरी चावी करून घरात ठेवा. कुलूप शटरच्या बाहेरून असतं.