कोटाला आले पोपडे

कोट नवा होता तेव्हा काय ऐट होती! मी वाकलो तरी तो वाकायचा नाही. हाताला कापड मऊसूत, अंगात घातलं की पुठ्ठा. ही ताठ छाती माझी नसून आतल्या बकरमाची, म्हणजे कापडाला ताठ ठेवणाऱ्या आतल्या पदराची आहे, हे कळायला तीन ड्रायक्लीनिंगं लागली.

तिसऱ्या खेपेला कोट आला तो उजव्या छातीवर ओल धरलेल्या भिंतीसारखे पोपडे घेऊन. दाबले की बसत, बोट उचललं की वर. डावी बाजू मात्र गुळगुळीत. अर्धा कोट नवा, अर्धा माझ्या वयाचा.

"फ्यूजिंग सुटलं," टेलर हातही न लावता म्हणाले. फ्यूजिंग म्हणजे बकरम गोंदाने कापडाला चिकटवणं. या बकरमाच्या एका अंगाला गोंदाचे बारीक ठिपके असतात. ते कापडाला लावून साधारण १२० ते १५० अंशांवर दहा-वीस सेकंद दाबलं, की ठिपके वितळतात आणि संसार जुळतो. ताप, दाब, वेळ, एकात कसूर झाली की तो कच्चा. "आणि बकरम आटलं, कापड नाही आटलं, तर उरलेलं कापड जाणार कुठं?" त्यांनी मलाच विचारलं.

उष्णतेने जुळतं ना, मग घरची इस्त्री काय वाईट? कडक तापवून चांगली दाबून धरली. पोपडे बसले. पण गोंद कापडातून वर झिरपला आणि छातीभर चकचकीत ठिपके उमटले. बायको म्हणाली, "अहो, याला देवी आल्या!"

फ्यूजिंगला सरसकट नावं ठेवत नाही. शर्टाच्या कॉलरीतून ते काढलं तर मान टाकलेली कॉलर घेऊन हिंडावं लागेल. पण कोटाच्या अख्ख्या छातीला गोंद म्हणजे कापडाचा स्वभावच मारणं. जुन्या पद्धतीत लोकर आणि घोड्याच्या केसांचं कॅनव्हास नुसत्या टाक्यांनी धरलेलं असतं, म्हणून कोट अंगाबरोबर हलतो. ओळखायची खूण टेलरनीच सांगितली: काजाजवळ चिमटीत धरून बाहेरचं कापड आणि अस्तर अलग ओढायचं. मध्ये तिसरा पदर सुटा लागला तर कॅनव्हास.

तेव्हापासून चिमटी शिवशिवते. परवा मीटिंगमध्ये साहेब शेजारी बसले आणि राहवलं नाही. तिसरा पदर लागला, अगदी सुटा!

साहेब चिमटीकडे बघत राहिले.

"सर," मी भारावून म्हणालो, "तुमच्यात घोडा आहे."