भांडायचं तर मराठीत वाचून भांडू

साहित्य आपल्याच परंपरेच्या निकषांवर जोखावं, या भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादावरून पुण्यातल्या मित्रांची पुन्हा जुंपली आहे. एकाचं म्हणणं, फुको-देरिदा हे फ्रेंच सिद्धांतकार पुरे, आपलं काव्यशास्त्र शिकवा. दुसऱ्याला त्यात नव्या अभ्यासक्रमांमागचं राजकारण दिसतं. चीनमधल्या छंगदूत बसून हे वाचताना मला गंमत वाटते. हेच भांडण इथे तीसेक वर्षं चालू आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी तयारीनं.

इथल्याच सिचुआन विद्यापीठातले समीक्षक छाओ शुनछिंग यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात तक्रार मांडली, की चिनी समीक्षेची वाचाच गेली आहे. पाश्चात्त्य संज्ञा काढून घेतल्या तर समीक्षकाला तोंड उघडता येणार नाही. आपल्याकडचे समीक्षक गणेश देवी यांनी 1992मध्ये ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’त भारतीय समीक्षेचं असंच दुखणं सांगितलं होतं. तिथे स्मृती गेली होती, एवढाच फरक. पण देवींचं ते पुस्तक इंग्रजीत होतं, छाओंचा वाद चिनीत रंगला.

मला खरी मेख इथेच दिसते. अमेरिकन सिद्धांतकार फ्रेडरिक जेमसन 1985मध्ये पेकिंग विद्यापीठात व्याख्यानं द्यायला आले, आणि ती पुढच्याच वर्षी चिनीत पुस्तकरूपानं निघाली. विद्यापीठाजवळच्या दुकानात आजही फुको, बार्थ, बेंजामिन चिनीतच मिळतात, पेन्सिलीच्या खुणांसकट, जुन्या प्रती. त्यामुळे 2014मध्ये समीक्षक जांग ज्यांग यांनी पाश्चात्त्य समीक्षेवर ‘सिद्धांत आधी ठरवून कलाकृती त्यात कोंबतात’ असा हल्ला चढवला, तेव्हा बाजू घ्यायला आणि खोडून काढायला वाचलेली माणसं होती. खुद्द अमेरिकन समीक्षक हिलिस मिलर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला.

हे जांग सरकारी चिनी समाजविज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष होते, हेही सांगायला हवं. ‘चिनी वैशिष्ट्यांचा’ सिद्धांत हवा असं सरकार म्हणत असताना विरोधाची धार किती ठेवायची, हे इथल्या प्राध्यापकांना नेमकं कळतं. आपल्याकडे नेमाड्यांवर तुटून पडायला कुणाची परवानगी लागत नाही. ती चैन मोठी आहे. पण तिचा उपयोग काय, दोन्ही बाजू मूळ पुस्तकं इंग्रजीत चाळून किंवा नुसती ऐकून बोलत असतील तर?

परक्याकडून काय आणि कसं घ्यावं, हे सांगताना चिनी लेखक लू शुननी 1934मध्ये वारशात मिळालेल्या वाड्याचा दाखला दिला होता. भिऊन बाहेर थांबणारा, वाडाच जाळणारा, आत जाऊन उरलेली अफू ओढत पडणारा, हे तिघेही त्यांच्या लेखी बिनकामाचे. आधी ताब्यात घ्या, मग निवडा: अफू औषधाच्या दुकानात धाडा, शार्कचे पर मुळा-कोबीसारखे खाऊन टाका.

आमच्या मित्रांपैकी दोघे मराठी विभागात शिकवतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: एखाद्या विद्यार्थ्यानं फुकोचं एक पुस्तक नीट टिपांसह मराठीत आणलं, तर त्याला त्यावर पीएच.डी. मिळू द्या.